नावेतलं डोहाळजेवण

आमच्या घराला लागून मसाला कांडायचं यंत्र होतं, म्हणून आईला मार बसताना गल्लीत कुणालाच काही ऐकू जायचं नाही. नाशिकच्या गंगापूर रोडच्या त्या भागात तेव्हा पेरूच्या बागा होत्या, मधूनच एखादी चाळ, एखादी पिठाची गिरणी आणि आमचं कांडप. उन्हाळ्यात बायका मिरच्यांच्या पिशव्या घेऊन सकाळपासून रांग लावायच्या. लोखंडी मुसळं एकामागून एक उखळात आदळायची, फळीवरची भांडी थरथरायची, आणि आत आम्ही तिघी शिंकत, नाक पुसत स्वयंपाक करायचो. मिरचीची धूळ अंथरुणात असायची, वेणीत असायची, भातात असायची. डोळे कायम लाल. त्यातलं रडून झालेलं किती आणि मिरचीनं झालेलं किती, हे शेजारणींना ओळखता यायचं नाही, आम्हाला यायचं. दादांचं, म्हणजे आमच्या वडिलांचं, डोकं फिरलं की ते आधी पलीकडे जाऊन यंत्र सुरू करायचे आणि मग आईकडे यायचे. उखळात मिरची असली की मुसळाचा आवाज दबका, जड येतो. उखळ रिकामं असलं की तोच आवाज खणखणीत, कानात घुसणारा येतो. गल्लीला हा फरक कळत नसे. मी आणि ताई शाळेतून येताना कोपऱ्यावर थांबून आधी ऐकायचो, आणि आवाज रिकामा असेल तर पेरूच्या बागेच्या कुंपणाशी बसून गृहपाठ करायचो.

आज साठी ओलांडली तरी कुणाच्या घरी मिक्सर रिकामा फिरला की माझ्या पाठीवर काटा येतो. माझी सून म्हणते, आई, तुम्ही फार दचकता. मी म्हणते, हो गं, वय झालं. सगळं सगळ्यांना सांगत बसायचं नसतं, पण आता लिहायला बसलेच आहे तर ताईच्या डोहाळजेवणाचं लिहून टाकते. त्याचं ओझं मी फार वर्षं वागवलं आहे.

ताई माझ्याहून चार वर्षांनी मोठी. रंगानं उजळ, बोलायला हळू, आणि माझ्यात जो कडूपणा आहे त्याचा तिच्यात थेंबसुद्धा नाही. तिला सटाण्याला दिली. कांद्याचं मोठं घर, अंगणात ट्रक लागायचे. दाजी दिसायला चांगले होते, लग्नात सगळ्या बायकांनी माना डोलावल्या होत्या. पहिल्या दिवाळसणाला ताई आली तेव्हा अभ्यंगाला बसवून आई तिच्या हाताला उटणं लावत होती, आणि मध्येच थांबली. ताईच्या दोन्ही तळव्यांवर काळे ठिपके होते, रांगोळीचे मांडावेत तसे. पोती शिवायच्या दाभणाचे.

"पोती शिवताना टोचलं गं," ताई म्हणाली.

"दोन्ही हातांना? सारख्या अंतरावर?" आईनं विचारलं. ताईनं मान खाली घातली. आईनं कोमट पाण्यात मीठ घालून तिचे हात त्यात बुडवून ठेवले आणि पुढं काही विचारलं नाही. तिला विचारायची गरजच नव्हती. दादांच्या कानावर घातलं तर ते म्हणाले, "दिलेली पोरगी आहे. तिच्या घरचं ती बघेल. आणि हात उगाच उठतो का कुणाचा?" हे बोलताना त्यांच्या चेहऱ्यावर लाज नव्हती, काहीच नव्हतं. ते चकली खात होते.

ताईला दिवस गेले, आणि मार थांबेल अशी आमची जी भाबडी समजूत होती ती फोल ठरली. पाचव्या महिन्यात पत्र आलं. तिच्या शेजारणीनं लिहिलेलं, सही नसलेलं: पोरगी जगायची नाही, घेऊन जा. आईचा भाऊ, पैठणचा मामा, एके काळी तालमीत गाजलेला गडी, त्याचे कान दोन्ही बाजूंनी मुरगळलेले. दादा जगात एकट्या मामाला भीत. तो सटाण्याला गेला. त्या लोकांनी ताईला कांदे साठवायच्या चाळीत कोंडलं आणि मामाला सांगितलं, ती नवस फेडायला गेली आहे, दोन दिवसांनी येईल. मामानं आवाज चढवला तर दहा माणसं गोळा झाली आणि पोलिसांत देण्याची भाषा सुरू झाली. मामा रिकाम्या हातानं आमच्याकडे आला. स्वयंपाकघरात पाटावर बसून तो रडला. एवढा मोठा माणूस रडताना मी तोवर पाहिला नव्हता, आणि मला त्याची दया आली नाही, रागच आला. मी म्हटलं, "मामा, तू कुस्ती कशाला शिकलास रे?" आईनं माझ्या तोंडावर हात ठेवला.

नावेची कल्पना आईची. ती चार बुकं शिकलेली बाई, पण तिच्या डोक्यात जे शिजायचं त्याचा वास कुणाला येत नसे. सातव्या महिन्यात पहिलटकरणीचं डोहाळजेवण होतं, आणि ते माहेरानं करायचं असतं, एवढं तर सटाणावाल्यांनाही नाकारता येत नव्हतं. डोहाळजेवण चांदण्यातलं करतात, बागेतलं करतात, झोपाळ्यावरचं करतात आणि नावेतलं करतात. नावेतलं म्हणजे बहुतेक ठिकाणी पुठ्ठ्याची नाव रंगवून तिच्यात पाट मांडतात. ताईच्या सासूबाईंच्या धाकट्या बहिणीनं मालेगावात तशी पुठ्ठ्याची नाव केली होती आणि तिचे फोटो काढून घरोघर दाखवले होते. सासूबाईंना ते झोंबलं होतं. आईला हे माहीत होतं. तिनं पत्र लिहिलं: विहीणबाई, आमच्या माहेरी नाथसागराचं पाणी आहे. आपल्या सूनबाईंची ओटी खऱ्या नावेत भरू, पैठणला जाऊन नाथांचं दर्शन घेऊ, संध्याकाळच्या आत माघारी. फोटोवाला नाशिकहून आणू. आठ दिवसांत होकार आला.

आणि डोहाळजेवण हे बायकांचं. नावेत पुरुषमाणूस चढणार नाही, नावाड्याखेरीज. सगळी मेख इथं होती. दाजी आणि दादा काठावर राहतील, त्यांच्यासाठी आंब्याच्या झाडाखाली सतरंजी, पत्त्यांचा डाव, जेवण. नाव दीड तासात पैठणला धरणाच्या भिंतीशी लागेल, तिथल्या धक्क्यावर मामा उभा असेल, आणि ताई काही माघारी येणार नाही. मी आईला विचारलं की ताईला तशीच का नाही पळवत, एवढा घाट कशाला. आई म्हणाली, "चोरून नेली असं कुणी म्हणता कामा नये. सासूच्या डोळ्यांदेखत, पाच सवाष्णींनी ओटी भरून, वाजत गाजत गेली पाहिजे. मग म्हणू देत काय ते." मला ते तेव्हा वेडेपणाचं वाटलं. अजूनही थोडं वाटतं.

महिनाभर आम्ही दोघी या सहलीची आखणी करत होतो. दुपारी कांडप जोरात सुरू असायचं, कानाला कान लावल्याशिवाय ऐकू येत नसे, तेव्हा आई परातीत पीठ पसरायची आणि त्यात बोटानं काठ काढायची, नाव काढायची, पैठणचा धक्का काढायचा असेल तिथं एक लवंग ठेवायची. नाव नामदेवकाकांची, ते आईच्या माहेरचे, मासेमारी करणारे. आईच्या लहानपणच्या तीन मैत्रिणी अजून त्याच गावात होत्या, त्या आणि आई आणि विहीणबाई मिळून पाच सवाष्णी. मी कुमारिका, मला ओटी भरता येणार नव्हती, माझं काम सामान सांभाळायचं. जीपची किल्ली कुणाकडे असेल, गावातून पैठणला रस्त्यानं किती वेळ लागतो, हेही आईनं काढलं होतं. रस्त्यानं नावेपेक्षा लवकर पोचता येत होतं. "त्याचं मी बघते," एवढंच ती म्हणाली.

आदल्या दिवशी तिखटमिठाच्या पुऱ्या, सांज्याच्या पोळ्या, कोथिंबीर वड्या, दशम्या, असा ढीग निघत होता. दादा दारात येऊन उभे राहिले. "एका दिवसाला एवढं? गाव जेवायला घालतेस का?" आई म्हणाली, "सटाण्याची माणसं आहेत, कमी पडायला नको." यात वाईट काय होतं मला आजतागायत कळलेलं नाही. दादांनी कढईतला झारा उचलला आणि आईच्या मनगटावर उलटा दाबला. कातडी चर्र वाजली. मी उठले तर त्यांनी झारा माझ्याकडे रोखला. दादा गेल्यावर तिनं मनगटाला तूप लावलं, डाव्या हातानं झारा धरला आणि उरलेल्या पुऱ्या तळल्या. त्या पुऱ्या मी डब्यात भरल्या. त्या रात्री मी देवाकडे दादांचं मरण मागितलं, अगदी हात जोडून.

आता माझी चूक सांगते. आईनं बजावलं होतं, ओटीच्या सामानाखेरीज एक चिंधी घ्यायची नाही. मला मात्र राहवेना. ताई मामाकडे बाळंत होणार, तिथं मऊ कापड कुठून येईल? मी आईच्या जुन्या सुती साड्यांची दुपटी शिवली होती, सहा लंगोट, आणि एक टोपरं, लाल काठाचं. बाळ जन्मायच्या आधी त्याचे कपडे कुणी शिवत नाही, शिवले तरी दाखवत नाही, हे मला ठाऊक होतं. म्हणून मी ते ओटीच्या पिशवीत तळाशी घातले, वर खण, वर तांदूळ, वर नारळ. शहाणपणा केला असं मला वाटत होतं.

सकाळी आम्ही काठावर पोचलो तेव्हा ऊन अजून कोवळं होतं. पाणी इतकं की पलीकडचं काही दिसत नव्हतं. गावातल्या बायकांनी नावेला आंब्याचे डहाळे आणि झेंडूच्या माळा बांधल्या होत्या. सटाण्याची जीप आली आणि ताई उतरली. हिरवी साडी, फुलांचे दागिने, आणि डावा गाल पावडरीनं लिंपलेला. पावडरीखाली निळं दिसत होतं. दाजी हसतमुख, सगळ्यांच्या पाया पडले, आईच्यासुद्धा. फोटोवाल्यानं नवराबायकोचा एक फोटो काढला. त्यात दाजींचा हात ताईच्या खांद्यावर आहे. नीट पाहिलं तर बोटं रुतलेली दिसतात.

आम्ही नावेत चढलो. ताई मधल्या फळीवर, विहीणबाई तिच्या शेजारी, तिघी मैत्रिणी समोर, मी टोकाला. आई काठावर मागं राहिली होती, नावेत इंजिनापाशी बसलेल्या नामदेवकाकांना काही सांगत. फळी ओली होती. विहीणबाईंना जरीची साडी भिजवायची नव्हती. त्यांनी माझ्या पायाशी असलेली पिशवी ओढली, "काही फडकं आहे का गं अंथरायला?" आणि मी नको म्हणायच्या आत तळापर्यंत हात घातला. दुपटं निघालं. त्यात गुंडाळलेलं टोपरं निघालं. त्यांनी ते बोटावर धरून उलटसुलट पाहिलं.

"हाई काय शे?" त्या म्हणाल्या. आमच्याशी त्या नेहमी शुद्ध बोलायच्या, पण आता सगळं गळून पडलं. "एक दिवसनी सहल शे ना? मग टोपरं कसाले?" त्यांनी ताईच्या तोंडाकडे पाहिलं, आणि ताईला कधीच काही लपवता आलं नाही. विहीणबाई उठून उभ्या राहिल्या आणि काठाकडे तोंड करून लेकाला हाक मारत ओरडल्या, "आण्णा! धाव रे आण्णा! सूनले पळाडी लई जाई राहिनात ह्या!"

दाजी आंब्याखालून उठले ते धावतच आले. गुडघाभर पाण्यात शिरले आणि एका हातानं नावेची कड, दुसऱ्या हातानं ताईचा अंबाडा धरला. फुलांची वेणी तुटून पाण्यात पडली. ताई आडवी झाली, तिचं पोट नावेच्या कडेवर दाबलं गेलं, आणि ती किंचाळली. ती किंकाळी माझ्या कानात अजून आहे. तिघी सवाष्णी पलीकडच्या बाजूनं उड्या टाकून, साड्या भिजवत, काठाकडे पळाल्या. मी दाजींच्या हाताला चावले. तोंडात रक्ताची चव आली तरी सोडलं नाही. त्यांनी दुसऱ्या हातानं माझ्या डोक्यात ठोसा घातला आणि मला तारे दिसले. ते दिसत असतानाच मी पाहिलं की आई पाण्यातून येत होती. तिच्या हातात नाव रेटायचा लांब बांबू होता. तिनं तो दोन्ही हातांनी, भाजलेल्या मनगटासकट, वर उचलला आणि दाजींच्या मानेवर मारला. मग कानशिलावर. मग पुन्हा. त्यांचा हात सुटला आणि ते पाण्यात गुडघ्यावर बसले. माझ्या आईनं आयुष्यात पाल मारली नव्हती.

"नामदेवदादा, सोडा!" ती ओरडली. तिनं बांबू माझ्या अंगावर फेकला, खांदा लावून नाव रेटली आणि इंजिन लागलं. तिला नावेत चढता आलं असतं. मी हात पुढं केला होता. ती चढली नाही, वळली. दादा जीपकडे धावत होते, आणि आई ओल्या साडीत त्यांच्या आधी तिथं पोचली. आम्हाला घेऊन आलेल्या गावच्या जीपचा ड्रायव्हर आईच्याच नात्यातला, त्यानं ती किल्ली तिला आधीच दिलेली होती. सटाण्याच्या जीपची किल्ली तिनं खिडकीतून हात घालून उपसली. दोन्ही किल्ल्या तिनं पाण्यात भिरकावल्या. मग दादा तिच्यापर्यंत पोचले. दाजीही उठले होते. तेवढ्यात नाव वळली आणि झाडं मध्ये आली.

होडीत आम्ही चौघं राहिलो. नामदेवकाका, ताई, मी आणि विहीणबाई. विहीणबाई आधी रडल्या, मग शिव्या दिल्या, मग नामदेवकाकांवर घसरल्या. "होडी माघारी फिराव! पोलिसात दिसू तुले!" नामदेवकाका पुढं बघत म्हणाले, "म्या नाय फिरवायचा, बाई. पैठणबिगर थांबायचं नाय असं सांगितलंय तिनं." मग त्या इंजिनाकडे सरकल्या, त्याची दोरी धरायला. मी बांबू आडवा धरला. मी म्हटलं, "मावशी, अजून एक पाऊल टाकलं तर पाण्यात ढकलीन. तुम्हाला पोहता येत नाही, मला माहीत आहे." त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि बसल्या. मी खरंच ढकललं असतं. मनात जरासुद्धा शंका नव्हती, उलट एक प्रकारची गोडी वाटत होती, आणि तिची आठवण झाली की मला आजही स्वतःची भीती वाटते. दादांचा हात माझ्या अंगात आहे, हे मला त्या दिवशी त्या पाण्यावर कळलं.

ताई पोटावर दोन्ही हात ठेवून बसली होती. केस उपटलेल्या जागेतून रक्ताचा ओघळ कपाळावर आला होता. मग म्हणाली, "नलू, हालत नाहीये गं. मघापासून हालत नाहीये."

सतरा वर्षांच्या मुलीला काय सुचणार? मला आईचं एकच वाक्य आठवत होतं, ओटी भरल्याशिवाय ती काठाला उतरता कामा नये. आई तिकडे मार खात असेल आणि इकडे ताई रिकाम्या ओटीनं बसली आहे. मला भरता येत नव्हती. होडीत सवाष्ण एकच होती.

"मावशी, ओटी भरा," मी म्हटलं.

"मी? चोरी करीसन ओटी भराले सांगतीस माले?"

मी बांबूचं टोक त्यांच्या छातीवर टेकवलं. "भरा. मनापासून भरा. नाहीतर देवाशपथ सांगते."

त्यांनी भरली. निम्मे तांदूळ फळीवर सांडले. खण, नारळ, हळकुंड, सुपारी, सगळं ताईच्या पदरात घातलं. कुंकू लावायला गेल्या तर कपाळावर रक्त होतं, ते आधी पुसावं लागलं. आपल्या जरीच्या पदरानं पुसलं. मी बांबू धरूनच होते. ओटी भरून झाल्यावर त्यांनी हात मागं घेतला नाही, ताईच्या पोटावर ठेवला आणि डोळे मिटून बसल्या. तेवढं मी सांगितलं नव्हतं. बऱ्याच वेळानं त्या म्हणाल्या, "गोड दे तिले काही." मी सांज्याची पोळी मोडून दिली. ताईनं दोन घास खाल्ले, आणि थोड्या वेळानं तिचा चेहरा बदलला. "हाललं," ती म्हणाली, आणि आम्ही दोघी बहिणी एकमेकींना धरून हंबरडा फोडून रडलो. विहीणबाई दुसरीकडे बघत होत्या.

पैठणच्या धक्क्यावर मामा होता, त्याच्याबरोबर तालमीतले सहा जण. मामीनं रीतीप्रमाणे विहीणबाईंना चहा दिला, साडीचोळी केली आणि एसटीत बसवून दिलं.

आई तिसऱ्या दिवशी आली, नामदेवकाकांच्याच नावेतून, आडवी घालून. गावकरी मध्ये पडेपर्यंत दोघांनी तिला मारलं होतं, दादांनी आणि दाजींनी, सासऱ्या-जावयांनी मिळून. तीन बरगड्या मोडल्या होत्या. उजव्या कानानं तिला पुढं कधीच ऐकू आलं नाही. एक डोळा पूर्ण मिटलेला, ओठ एवढाले. मामीच्या माजघरात तिला घोंगडीवर झोपवलं. मी तिच्या डाव्या कानाशी बसले. ताई पलीकडच्या खोलीत होती.

"ओटी?" तिनं विचारलं. तिला तेवढंच बोलता येत होतं.

"भरली, आई."

"कोणी?"

"सासूबाईंनी."

तिचा उघडा डोळा माझ्यावर स्थिरावला. "आपण होऊन?"

त्या तोंडाकडे पाहून मला खरं सांगवलं नाही. मी म्हटलं, "हो. आपण होऊन. पोटावर हात ठेवून बसल्या होत्या." आई हसली. सुजलेल्या ओठांतून हसली, ओठ पुन्हा फुटला, तरी हसत राहिली. "बघ," ती म्हणाली. "बाईच ती शेवटी."

या एका 'हो'ची काय किंमत पडली ते सांगते. ताईला मुलगा झाला, धडधाकट. बारशाला सटाण्याहून सासूबाई आल्या, चांदीचे वाळे घेऊन. त्यांनी भावकीत सांगितलं होतं की आपण मोठ्या मनानं ओटी भरली, आणि इकडे आईला मी तेच सांगितलेलं. दोन्हीकडून एकच गोष्ट आल्यावर आईनं ती खरी का मानू नये? सासू पाठीशी असली की नवऱ्याचा हात आवरतो, असं तिनं धरलं. मामा नको म्हणत होता. मी नको म्हणत होते, पण का नको ते सांगत नव्हते, कारण सांगितलं तर आईचं ते हसणं खोटं ठरलं असतं. बाळ सहा महिन्यांचं झाल्यावर ताईला पाठवली. बाळाला अकरावा महिना लागला तेव्हा ती सकाळच्या एसटीनं एकटी आली, काखेत पोर, जबडा फडक्यानं डोक्याला बांधलेला. दाजींनी तिला चाळीच्या माळ्यावरून लोटलं होतं, आणि सासूबाई खाली उभ्या होत्या. आम्ही तेव्हापासून मामाकडेच होतो. त्याच्या पायरीवर बसून ती काही बोलू शकली नाही. तीन महिने तिला पातळ पेज नळीनं द्यावी लागली. ती पुन्हा गेली नाही, एवढंच.

आई जाऊन आता पुष्कळ वर्षं झाली. दादाही गेले, मी रडले नाही. ताई इंदिरानगरला मुलाकडे असते. भाकरी अजून एकाच बाजूनं चावते, दुधात कुस्करून. मागच्या महिन्यात तिच्याकडे गेले होते, दुपारची वेळ, घरात आम्ही दोघीच. चहा घेता घेता मी सांगून टाकलं. म्हटलं, ताई, तुझा जबडा माझ्यामुळे मोडला. आईनं तुला पाठवली नसती, मी खोटं बोलले म्हणून पाठवली.

ताईनं बशीत चहा ओतला. "मला माहीत आहे," ती म्हणाली. "मी ऐकत होते ना. पलीकडच्या खोलीत भिंतीला टेकूनच बसले होते."

"आणि बोलली नाहीस? होडीत तूच तर बसलेली होतीस! तुझ्यासमोर भरायला लावली मी!"

"आई हसली होती गं," ताई म्हणाली. "मी तिला कधी तसं हसताना ऐकलं नव्हतं. म्हटलं, जाऊन बघू. असेलही खरं."

मला काय झालं कोण जाणे. चाळीस वर्षांहून जास्त मी एकटीनं वागवलेलं, आणि ही सगळं जाणून, बशीत चहा ओतत बसलेली. जाऊन बघू म्हणे! माझ्या हातातला कप मी समोरच्या भिंतीवर फेकून मारला. चहा तिच्या साडीवर उडाला, कपाचे तुकडे फरशीभर झाले. ताई दचकली, तिचा हात आपोआप तोंडावर गेला, जबड्यापाशी, तसाच थोडा वेळ राहिला. मग ती उठली, गुडघ्यावर हात टेकत खाली बसली आणि तुकडे गोळा करू लागली.

"नलू, चप्पल घाल गं," ती म्हणाली. "पायात जाईल तुझ्या."